व्याख्येत मामा नाहीत

हर्सूल,
११ जानेवारी २०२५

रत्नमाला,

जय भीम. हा 'जय भीम' लिहितो, कारण तो तुझा-माझा नाही, सगळ्यांचा आहे. त्याच्या मागचं-पुढचं 'सप्रेम' वगैरे गाळलं आहे.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस म्हणून कागद घेतला. तुझ्या अभय वकिलानं तुझ्या प्रणयच्या हाती पाठवलेला मसुदा मिळाला. त्यात असं आहे, की आपल्या भागीदारीच्या वादात काकासाहेब मामांनी निवाडा द्यावा, ते आपले नातेवाईक आहेत हे दोघांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल दोघांचीही हरकत नाही. खाली दोन सह्यांच्या जागा. तुझी झालेली आहे. हा कागद नेमका काय आहे ते कळेपर्यंत माझी व्हायची नाही.

तू म्हणशील, करारात मामांचं नाव दादानंच घातलं. घातलं. करार मीच लिहिला होता, वकिलाशिवाय, स्टॅम्पव्हेंडरकडचा नमुना समोर ठेवून, आणि त्यात आजवर कुणाला खोट काढता आलेली नाही. 'वाद उद्भवल्यास आपले मामा काकासाहेब यांचा निर्णय उभयतांवर बंधनकारक राहील.' तेव्हा वाद व्हायचाच नाही अशी खात्री होती, म्हणून मामांचं नाव घातलं. होणार हे माहीत असतं तर म्हाताऱ्या माणसाला त्यात कशाला ओढलं असतं?

कुलपाचंही लिहून टाकतो. शेंद्र्याच्या आपल्या डाय बनवायच्या शॉपचं कुलूप मी बदललं, हे खरं. तुला न सांगता बदललं, असं तू मुकुंदवाडीभर सांगत फिरतेस. प्रणयनं मला न विचारता डायचं माप बदललं. डाय गिऱ्हाइकाच्या प्रेसवर चढला आणि पत्रा कापायच्या ऐवजी स्वतःच फुटला. दुसऱ्या दिवशी तुझा चिरंजीव कॉम्प्युटर उघडून मलाच समजवायला बसला, "मामा, तुमचं हे अंदाजाचं काम आता चालत नाही." अंदाजाचं! मी आयटीआयची पायरी चढलो नाही, इंग्रजी तक्ते डिक्शनरी घेऊन वाचले, आणि त्या तक्त्यांवर या भागातले निम्मे दिव्यांचे ब्रॅकेट आणि बिजागऱ्या निघाल्या. मी त्याला शॉपमध्ये पाऊल ठेवू नको म्हणालो, तर तो तुझी किल्ली घेऊन आला. मग कुलूप बदलणं आलंच.

तर हा कागद समजून घ्यायला मी शिकणार आहे. सिडकोत एका संस्थेनं लवादाचं प्राथमिक व्यावसायिक प्रशिक्षण ठेवलंय, दर शनिवारी. देशातल्या देशात होणाऱ्या वादांपुरतं. परदेशी कंपन्यांच्या भानगडी त्यात नाहीत. लवाद म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणारा माणूस, आणि तो व्हायला वकिलीची पदवी लागत नाही, हे मी पैसे भरण्याआधी विचारून घेतलं. पहिला वर्ग आज झाला. बरेचसे वकील, दोन सीए, पाटबंधारे खात्यातले एक निवृत्त इंजिनिअर. शेजारच्या वकिलानं विचारलं, "आपण कोणत्या कोर्टात?"

"शेंद्र्यात."

"शेंद्र्यात कोर्ट कधी झालं?"

"माझं शॉप आहे. तिथं माझा शब्द चालतो."

तो हसला. मी हसलो नाही.

मामांपुढं बसायचं की नाही ते शिकून ठरवीन. शॉप मात्र मी सोडणार नाही, कुणीही काहीही निवाडा दिला तरी. एवढं आज लेखी घे.

राजकुमार

&nbsp;

हर्सूल,
२५ जानेवारी २०२५

रत्नमाला,

जय भीम. तुझं उत्तर नाही. प्रणयनं निरोप दिला, "आई म्हणते, सही कर, नाहीतर करू नको, पण पत्रं लिहू नको." मी लिहिणार. न वाचण्याचा अधिकार तुला आहे.

सही मी करणार नाही. कारण आता कळलं.

आम्हाला मोनाली मॅडम शिकवतात. वकील आहेत, वयानं तुझ्याहून लहान, पण बोलणं मोजूनमापून. लवादानं काम हाती घेण्याआधी लेखी सांगायचं असतं, की या दोघांपैकी कुणाशी माझं काय नातं, काय हितसंबंध. कायद्याला यादीच जोडलेली आहे. पक्षकाराशी जवळचं कौटुंबिक नातं असेल तर तो माणूस लवाद होऊच शकत नाही. वाद उद्भवल्यानंतर दोघांनी लेखी संमती दिली तरच. आधीच्या करारातली संमती चालत नाही.

म्हणजे तो कागद हा! अभय हुशार आहे. मामा अपात्र नसते तर माझी सही कशाला मागितली असती? मी वहीत लिहिलं, 'मामा बाद', आणि खाली रेघ ओढली. यादीच्या शेवटची स्पष्टीकरणं घरी वाचा, असं मॅडम म्हणाल्या. मला मुद्दा वर्गातच समजला होता.

नंतर सरावासाठी खोटी सुनावणी घेतली. एका शीतगृहाचा वाद, दोन भागीदार. मला लवाद केलं. पाटबंधारेवाले साहेब तावातावानं आपली बाजू मांडून बसले आणि मी निकाल सांगून टाकला. शीतगृह त्यांनाच मिळायला हवं, हे उघड होतं.

मॅडम म्हणाल्या, "राजकुमारजी, समोरचे अजून बोललेच नाहीत."

"त्यांच्याकडं बोलण्यासारखं काय आहे? मला दिसतंय ना."

"तुम्हाला दिसतंय, त्याचाच तर धोका आहे."

वर्ग हसला. हसू दे. मला त्या वर्गात मित्र करायचे नाहीत, नियम घ्यायचेत.

आणि मामा निःपक्षपाती नाहीत, हे तुलाही माहीत आहे. प्रणय डिप्लोमा झाला तेव्हा कन्नडहून पेढे घेऊन आले, अख्ख्या वस्तीत वाटले, पोराला खांद्यावर घ्यायचेच बाकी होते. मी पहिला डाय बसवला तेव्हा त्याच मामांना दाखवायला नेला होता. स्वतः जन्मभर फिटर. हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "बरंय." बरंय! तो डाय अजून चालतो.

राजकुमार

&nbsp;

हर्सूल,
५ फेब्रुवारी २०२५

रत्नमाला,

काल मामा येऊन गेले. तुझ्याकडूनच निघाले असतील म्हणून तुला ठाऊक असेलच, पण इथं काय झालं ते नीट कळावं म्हणून लिहितो. मामा तुला सांगतील त्यात हळहळ जास्त असेल.

आले, हातपाय धुतले, सतरंजीवर बसले. मामांची रीत तू लहानपणापासून बघितलीस. बांधाचं भांडण असो की सासू-सुनेचं, भांडणाऱ्यानं आपली बाजू सांगायची नाही, समोरच्याची सांगायची. समोरचा जोवर 'व्हय, हेच माझं म्हणणं' म्हणत नाही तोवर मामा पुढं सरकत नाहीत. निम्मी भांडणं तिथंच मोडतात, असं लोक कौतुकानं सांगतात.

"राजा, चल. रत्नाची बाजू सांग."

"मी कशाला सांगू, मामा? तिला वकील आहे."

"वकील तिचा हाय. मला तुझ्या तोंडून पायजे."

"मामा, तुम्हाला हे चालवताच येत नाही. कायद्यानं तुम्ही अपात्र आहात."

"काय हाय म्या?"

"अपात्र. नातेवाईक आहात म्हणून."

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "आरं, नातेवाईक हाय म्हणूनच बोलवलं ना मला? परका यील का कन्नडवरनं येष्टीत उभ्यानं?"

"परकाच पाहिजे. परक्याला आपलं काही माहीत नसतं."

"आन् ते बरं म्हनतो?"

"तेच बरं."

मग म्हणाले, "रत्ना परवा घरी येऊन गेली. तुझी बाजू सांगितली तिनं. लई बरी सांगितली, राजा. तुला सुदीक आशी जमली नसती."

मी तिथंच हरकत घेतली. एका पक्षाचं म्हणणं दुसऱ्याच्या माघारी ऐकणं हा लवादाचा सरळसरळ दोष आहे. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं.

"आरं येड्या, तुझीच बाजू ऐकली की!"

"कुणाचीही असो. मी हजर नव्हतो."

  रूपानं चहा आणून ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं, की बायको माझी आहे का तुझी, असा प्रश्न पडावा. मग मीच विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "काय म्हणाली?"

मामा उठले. "ते आता कसं सांगू, बाबा? म्या अपात्र."

माघारीचं लिहून देतो म्हणाले. प्रशिक्षणातल्या नमुन्यावरून मजकूर मी सांगितला, त्यांनी लिहिला. अक्षर अजून ताठ आहे. 'पक्षकारांशी असलेल्या नात्यामुळे मी या कामातून माघार घेत आहे.' 'नात्यामुळे' या शब्दाशी थांबले आणि म्हणाले, "हे आसंच ल्हेयाचं?" मी म्हणालो, असंच.

चहा तसाच राहिला. रिक्षापर्यंत सोडतो म्हणालो, तर म्हणाले, "नको. रस्ता ठावं हाय मला."

आता परका लवाद नेमू. माझी बाजू मामांना तू सांगितलीस ती आता उपयोगाची नाही. माझी मी सांगेन.

राजकुमार

&nbsp;

हर्सूल,
९ फेब्रुवारी २०२५

रत्नमाला,

प्रशिक्षण काल संपलं. प्रमाणपत्र मिळालं. नावात चूक नाही, छपाई मात्र किंचित तिरकी आहे.

शेवटच्या तासाला प्रत्येकानं निवाडा लिहून दाखवायचा होता. माझा सर्वांत आधी झाला, सर्वांत स्वच्छ. मॅडमनी वाचून परत दिला. "निकाल आहे. कारणं कुठं आहेत?" मी म्हणालो, डाय बसतो किंवा बसत नाही, त्याला कारणं विचारत नाहीत. त्या म्हणाल्या, "माणसं विचारतात."

मग शंकासमाधान होतं. मी उठून सांगितलं, की या वर्गात शिकलेल्या नियमाचा प्रत्यक्ष वापर करणारा बहुधा मी पहिलाच. करारात नाव असलेले आमचे मामा मी त्या यादीखाली बाजूला केले.

"मामा? कुणाचे मामा?"

"दोघांचेही. वाद बहीण-भावातला आहे."

"स्पष्टीकरण वाचलंत का?"

त्यांनी पान काढलं आणि वर्गाला वाचून दाखवलं. जवळचा कौटुंबिक सदस्य म्हणजे नवरा-बायको, भाऊ-बहीण, मूल, आई-वडील, आयुष्याचा जोडीदार. मग म्हणाल्या, "व्याख्येत मामा नाहीत, राजकुमारजी. त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका घेता आली असती, पण ते आपोआप अपात्र नव्हते. आणि दोघांनाही सारखेच जवळचे. शंका तरी काय घेणार?"

पाटबंधारेवाले मागून म्हणाले, "आमच्याकडं तर मामाशिवाय लग्न लागत नाही, अन् कायद्याला मामाच ठाऊक नाही!" केवढं हसले सगळे.

कायदा दिल्लीत लिहितात. तिथं मामा जवळचे धरत नसतील. ज्या घरात बाप लवकर गेला आणि शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत सगळं मामांच्या सहीनं झालं, त्या घरातला माणूस ती यादी वाचून मामा त्यात आहेत असंच समजणार. तूही तेच समजली होतीस. समजली नसतीस तर आधी सही करून बसली नसतीस. आणि अभयनं संमतीचा कागद आणला नसता तर माझ्या डोक्यात हे आलंच नसतं. तो म्हणेल, खबरदारी म्हणून आणला. त्याची खबरदारी झाली आणि मामा हातचे गेले. याची नोंद तुझ्याकडं असावी म्हणून लिहिलं.

मामांना पुन्हा बोलावता येईल का, हे मी मॅडमना विचारलं. "दोघांनी मिळून विनंती केली तर का नाही?" म्हणाल्या. दोघांनी मिळून. रूपा म्हणते, "उद्याच कन्नडला जा, पाया पडा, म्हातारा हसून येईल." मी काय सांगायला जाऊ? की मामा, तुम्ही तेवढे जवळचे नाहीत असं निघालं, म्हणून परत चला?

संस्थेनं बाहेरगावचा लवाद नेमावा, असं मी कळवतो. तूही कळव. लवकर संपणारी पद्धत घेऊ, त्यालाही दोघांची संमती लागते. तेवढी तरी देशील.

राजकुमार

&nbsp;

हर्सूल,
२० सप्टेंबर २०२५

रत्नमाला,

लवादांना काही लिहिलं तर त्याची प्रत तुला द्यावी लागते. तुला लिहिलं तर त्यांना द्यावी लागत नाही, हे नियम बघूनच लिहायला बसलो.

काल सुनावणी संपली. नाशिकचे निवृत्त न्यायाधीश. तुझ्याकडून चहासुद्धा घेतला नाही आणि माझ्याकडूनही नाही. पाण्याची बाटली स्वतःची आणली होती. मला हेच हवं होतं. मी सकाळभर बोललो. फुटलेल्या डायचे दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले, माझं जुनं रेखाचित्र आणि प्रणयचं नवं शेजारी शेजारी लावलं, भेग कुठून सुटली ते भिंग घेऊन दाखवलं. त्यांनी एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "आपलं काही सांगायचं राहिलंय का? पुरेशी संधी मिळाली?" मी म्हणालो, मिळाली. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग तुझ्याकडं वळले. "भावाला काही प्रश्न विचारायचे आहेत?"

अभय तुझ्या कानाशी लागला. त्याच्या हातात कागद होता, प्रश्न काढून आणले होते, मला दिसत होतं. तू मान हलवलीस आणि त्याच्या हातातला कागद पालथा केलास. "नाही साहेब. मला दादाला विचारायचं काही नाही."

मी पंधरवडाभर तयारी केली होती. कुलूप का बदललं, हा प्रश्न येणारच होता. त्याचं उत्तर मी रूपासमोर म्हणून बघितलं होतं. तिला आवडलं नाही, पण उत्तर पक्कं होतं. शॉप कुणाच्या पैशानं उभं राहिलं, प्रणयला हात कुणी धरून शिकवला, आईच्या आजारपणात तू एकटीनं शॉप कसं चालवलंस, सगळ्याची उत्तरं होती. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर तुझ्या बाजूनं जाणारं होतं. विचारलं असतंस तर दिलं असतं.

दुपारी गॅलरीत तू आणि अभय डबा खात होतात. मेथीचा वास आला. मी खाली जाऊन वडापाव खाल्ला. तुला नवा चष्मा लागलाय, हे मला सुनावणीत कळलं.

राजकुमार

&nbsp;

हर्सूल,
१४ डिसेंबर २०२५

रत्नमाला,

निवाड्याची सहीची प्रत मिळाली. तुलाही मिळाली असेल. दोघांना एकाच दिवशी पाठवतात.

शॉप तुझ्याकडं. प्लॉट तुझ्या नावावर आहे, आणि भागीदाराला कुलूप लावून बाहेर ठेवणं हा कराराचा भंग आहे. यंत्रं, हत्यारं, तयार डाय, गिऱ्हाइकं तुझ्याकडं. माझ्या वाट्याची रक्कम ठरवून दिली आहे. रकमेबद्दल तक्रार नाही. आणि मधे एक वाक्य आहे: 'डाय कोणाच्या चुकीने फुटला याचा निर्णय करण्याची या वादात आवश्यकता नाही.'

आवश्यकता नाही! ज्याच्यावरून तुझं-माझं तोंड बंद झालं, मामा येईनासे झाले, त्याची आवश्यकता नाही.

निवाडा रद्द करून घ्यायला कोर्टात जाता येतं. त्याला मुदत आहे आणि ठरलेली कारणं आहेत. निकाल आवडला नाही, हे त्यात नाही. मी आठवडाभर निवाडा घेऊन बसलो, नवा डाय तपासतात तसा. लवादाची नेमणूक बरोबर. कुणाशी नातं नसल्याचं लेखी निवेदन आहे. नोटिसा वेळेवर. दोन्ही बाजू सारख्या ऐकल्या. विषयाबाहेर गेलेले नाहीत. तारीख आहे, ठिकाण आहे, सही आहे. कारणं दिली आहेत, एकेक करून, माझ्या निवाड्यात नव्हती तशी. मोनाली मॅडमना दाखवला. वाचून म्हणाल्या, "फार चांगला लिहिलाय." त्या मला धीर देत नव्हत्या. त्यांना खरंच आवडला.

एखादी खोट सापडली असती तर मी कोर्टात गेलो असतो. तू उत्तर दाखल केलं असतंस, मी प्रत्युत्तर. वर्षं गेली असती. तुझी सही असलेले कागद माझ्या घरी येत राहिले असते. तेवढी जागाही त्या माणसानं ठेवली नाही.

कोर्टात जाणार नाही. हे लेखी समज. शॉप सोडणार नाही असं मी लिहिलं होतं, तेही लेखीच होतं.

आज सकाळी शेंद्र्याला जाऊन ताबा दिला. प्रणय एकटाच आला होता. यादी त्यानं वाचली, मी एकेक वस्तू दाखवली, त्यानं खुणा केल्या. उगाच बोलला नाही. किल्ल्या घेतल्या आणि दारात घुटमळला.

"मामा, तो सरफेस ग्राइंडर डाव्या अंगाला जरा उतरतो. तुम्ही काम करताना ते कसं सांभाळून घेता?"

मला ते सांगायला फार वेळ लागला नसता. हात धरून दाखवलं असतं तर यंत्राच्या एका फेरीत समजलं असतं त्याला. हात चांगला आहे त्याचा.

मी म्हणालो, "निवाड्यात यंत्रं आहेत. हे नाही."

 मग त्यानं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं.

"बरं, सर," म्हणाला.

राजकुमार